हिरड्यांसाठी प्रोबायोटिक गोळी: आधी काय करायचं, मग ती कशी घ्यायची

"डॉक्टर, हे चघळायची गोळी घेतली तं हालते दात पक्के होतीन का?" मोबाइलवर व्हिडिओ पाहून हा प्रश्न आता खेड्यातूनही येतो. विचारणाऱ्याचा खिसा मोठा नसतो, म्हणून उत्तर सुरुवातीलाच देतो. एकट्या गोळीने दात पक्के होत नाहीत. मुळापर्यंतची सफाई झाली, रोजचं घासणं सुधारलं, सुपारी-तंबाखूचा खर्रा सुटला किंवा सुटायला लागला, की मग प्रोबायोटिकचा, म्हणजे गोळीतल्या उपयोगी जिवंत जिवाणूंचा, थोडा जास्तीचा फायदा काही रुग्णांत दिसतो. हा क्रम उलटा केला तर पैसे जातात आणि मधल्या महिन्यांत हाड झिजत राहतं. त्यामुळे खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच वाचा. गोळीचा नंबर बराच नंतर लागतो.

पहिली पायरी: आजार कुठपर्यंत गेलाय ते बघा

घासताना रक्त येणं, हिरडी लाल आणि फुगलेली दिसणं, सकाळी तोंडाला वास येणं ही सुरुवात. याला हिरडीची सूज म्हणू. दातांवर रोज जंतूंचा चिकट थर बसतो. तो निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांनी कडक होतो, तेच किटण. या टप्प्यावर नीट सफाई झाली तर हिरडी पूर्ववत होते.

पुढचा टप्पा म्हणजे लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो. हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोबण तयार होते आणि त्या खोबणीत पोर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिससारखे हवा न लागणारे जंतू वाढतात. त्यांच्याशी लढताना शरीर जी सूज निर्माण करतं, तिच्यातच दाताला धरून ठेवणारं हाड विरघळतं. मग हिरडी खाली सरकून दात लांब दिसतात, दातांत फटी पडतात, हिरडी दाबली की पू येतो, भाकरी तोडताना समोरचा दात हलतो. दुखत मात्र फारसं नाही. म्हणूनच माणूस येतो तेव्हा उशीर झालेला असतो. गेलेलं हाड कोणतीही गोळी परत आणत नाही. आहे ते राखणं, हेच उपचाराचं मोठं काम.

दंतवैद्य खुणा असलेली बारीक सळई हिरडीत घालून खोबण मोजतात. १ ते ३ मिलिमीटर ठीक. ४ किंवा जास्त, आणि सोबत रक्त, म्हणजे उपचार हवा. आपले आकडे कागदावर लिहून मागा. तीन महिन्यांनी तुलना करायला तेच लागतात.

एक वेगळी गोष्ट इथेच सांगून ठेवतो. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग असतात. ते किटण नाही आणि हिरडीचा आजारही नाही. खरवडून ते निघत नाहीत, आणि त्यासाठी प्रोबायोटिक घेणं निरर्थक आहे.

दुसरी पायरी: खर्रा, नस, गुडाखू

याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा गालात धरला की त्या बाजूची हिरडी मुळावरून खाली सरकते. चुन्याने आतली त्वचा भाजते, सुपारीने गाल आतून कडक होतात आणि हळूहळू तोंड उघडेनासं होतं. आपली तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये जात नसतील, किंवा तिखट लागताच आग होत असेल, तर हिरडीचा विषय बाजूला ठेवून आधी तोंड तपासून घ्या. न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर तेच.

बायकांमध्ये नस किंवा गुडाखू दातांना घासायची सवय आहे. "त्याशिवाय पोट साफ होत नाही," असं अनेक जणी सांगतात. तोही तंबाखूच आहे. घासल्यावर बरं वाटतं ते निकोटिनमुळे, दात स्वच्छ झाल्यामुळे नव्हे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणखी एक फसवणूक होते: निकोटिनमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं, आणि आजार आत वाढत असताना हिरडी वरून ठीक दिसते.

तंबाखूचा वापर चालू असताना सफाईचाच गुण कमी येतो, मग गोळीचा कुठून येणार? सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक आहे. गडचिरोलीत 'मुक्तिपथ' या दारू-तंबाखूमुक्तीच्या अभियानाचं काम गावोगाव आहे, आशाताईंना त्याची माहिती असते. एका दिवसात सुटत नसेल तर निदान उपचाराच्या काळात दिवसाच्या पुड्या मोजा आणि दर आठवड्याला त्यातून कमी करा. हे मी मनापासून सांगतो. हलणारे दात वाचवण्यात या बदलाचा मोठा वाटा असतो.

तिसरी पायरी: सफाई

स्केलिंग म्हणजे दातांवरचं आणि हिरडीखालचं किटण काढणं. खोबणी खोल असतील तर जागा बधिर करून मुळापर्यंत सफाई करतात. त्यासाठी दोन ते चार वेळा जावं लागू शकतं.

"सफाई केली की दात ढिले होतात," हा समज गावोगाव आहे. खरं तर किटणाने दात एकमेकांना जखडलेले असतात, हाड आधीच गेलेलं असतं. किटण निघालं की जे ढिलं होतं ते कळतं, फटी मोकळ्या दिसतात, थंड पाणी काही दिवस झोंबतं. हिरडी घट्ट बसू लागली की यातला बराच त्रास कमी होतो. वरचा दात काढला की नजर जाते, हेही तसंच निराधार आहे.

कुठे जायचं? प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य सहसा नसतो. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी करा. निघण्याआधी आशाताईंकडून दंत ओपीडीचे वार विचारून घ्या, म्हणजे मजुरीचा दिवस बुडून फेरा फुकट जाणार नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. गुंतागुंतीचं असेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्धेजवळ सावंगी (मेघे) इथे दंत महाविद्यालय आहे, अमरावतीतही आहे. तिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो.

मधुमेह असेल तर साखरेचा ताजा रिपोर्ट सोबत न्या. साखर वाढलेली असली की हिरडी लवकर बिघडते, आणि हिरडीची सूज साखर वाढवते. उलट, हिरड्यांचा नीट उपचार झाला की तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी) सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास उतरल्याचं अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलं आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही आधी सांगा.

चौथी पायरी: रोजचं घासणं

मऊ ब्रश, हिरडी आणि दाताच्या सांध्यावर तिरका धरून, हलक्या हाताने, दोन वेळा, दोन मिनिटं. रात्रीचं घासणं चुकवू नका. राखोंडी, कोळसा, वाळूसारखं लागणारं मंजन बंद करा, त्याने दात मुळाशी झिजतात. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी ज्यांना आवडते त्यांनी वापरावी, पण ती दोन दातांच्या मधे पोचत नाही आणि आजाराची सुरुवात बहुधा तिथेच होते. फट मोठी असेल तर मेडिकलमधून दातांच्या मधला छोटा ब्रश आणा. काडेपेटीची काडी किंवा पिन घालू नका.

आता प्रोबायोटिक

२००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी केलेली व्याख्या सोप्या शब्दांत अशी: पुरेशा संख्येने घेतल्यास आरोग्याला फायदा देणारे जिवंत सूक्ष्मजीव. यातले 'जिवंत' आणि 'पुरेशा संख्येने' हे शब्द लक्षात ठेवा, पाकीट विकत घेताना कामी येतील.

शेतकऱ्याला हे समजवायला मला सोयाबीनच्या बीजप्रक्रियेपेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. रायझोबियमचं पाकीट घेताना आपण पिकाचं नाव बघतो, कारण सोयाबीनचा जिवाणू हरभऱ्याला चालत नाही. तारीख बघतो, पाकीट उन्हात ठेवत नाही. बुरशीनाशक आधी लावतो आणि जिवाणू शेवटी, नाहीतर औषधाने तेच मरतात. तोंडासाठीच्या प्रोबायोटिकलाही हे सगळे नियम जसेच्या तसे लागू आहेत.

हे जिवाणू हिरडीत काय करतात? रोगकारक जंतूंची जागा आणि अन्न अडवतात, त्यांना मारक ठरणारे पदार्थ सोडतात आणि शरीराची सूज निर्माण करणारी प्रतिक्रिया थोडी शांत करतात. हिरड्यांसाठी सगळ्यात जास्त तपासला गेलेला जिवाणू म्हणजे लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी. त्याच्या दोन जाती चघळायच्या गोळीत एकत्र असतात: डीएसएम १७९३८ आणि एटीसीसी पीटीए ५२८९. २००६ साली स्वीडनमधल्या ५९ रुग्णांच्या अभ्यासात रॉयटेरी घेणाऱ्यांची हिरडीची सूज आणि दातांवरचा थर दोन आठवड्यांत कमी झालेला दिसला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पायोरियाच्या ३० रुग्णांची मुळापर्यंत सफाई केली. निम्म्यांना रॉयटेरीची गोळी १२ आठवडे दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण जिवाणू नसलेली गोळी. मध्यम आणि खोल खोबणी रॉयटेरीवाल्या गटात जास्त भरून आल्या. सफाई मात्र दोन्ही गटांत झाली होती, हे विसरू नका.

दुसरी बाजूही ऐका. चिलीमधल्या एका अभ्यासात सफाईनंतर लॅक्टोबॅसिलस रॅम्नोससची पुडी तीन महिने दिली, आणि दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. म्हणजे जिवाणू बदलला की निकालही बदलतो. अभ्यास लहान आहेत, निकाल एकसारखे नाहीत. म्हणून हिरडीतज्ज्ञांच्या युरोपीय महासंघाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सफाईच्या जोडीला प्रोबायोटिक वापरू नये, असं सुचवलं आहे.

माझं मत या दोन्हींच्या मधलं आहे. सफाई झाली आहे, घासणं चांगलं आहे, तंबाखू बंद आहे, तरी काही खोबणींतून रक्त येतं आणि घरखर्च सांभाळून गोळी परवडते, अशा माणसाला मी तीन महिने घेऊन बघायला हरकत घेत नाही. ज्याला सफाईचा खर्च की गोळीचा खर्च असा हिशेब करावा लागतो, त्याने गोळी घेऊ नये. बियाण्याचे पैसे यासाठी मोडू नयेत.

दही-ताक चालेल का?

घरचं दही आणि ताक उत्तम अन्न आहे, रोज खा. पण विरजणात कोणती जात किती संख्येने आहे हे घरोघरी बदलतं, आणि हिरडीच्या आजारावर जी जात तपासली ती त्यात असेलच असं नाही. शिवाय ताक घटाघट गिळलं की तोंडात थांबतच नाही. ज्वारीची आंबील आंबवलेली असली तरी शिजवताना तिच्यातले जिवाणू मरतात. या गोष्टी पोटासाठी आणि उन्हाळ्यासाठी ठेवा, हिरडीचं औषध म्हणून त्यांच्यावर विसंबू नका. बाजारातल्या गोड प्रोबायोटिक पेयात साखर असते. ते दिवसभर घोट घोट पीत राहिलं तर दात किडतील.

पाकीट कसं वाचायचं

मेडिकलवाल्याला नुसतं "प्रोबायोटिक द्या" म्हटलं, तर बहुतेक वेळा जुलाबाची किंवा अँटिबायोटिकसोबत देतात ती कॅप्सूल हातात येते. तिच्यात बॅसिलस क्लॉसी किंवा सॅकरोमायसिस बोलार्डी असतं. ती गिळायची आणि आतड्यासाठीची आहे. हिरडीसाठी ती घेऊ नका. हिरडीसाठी हवी ती तोंडात विरघळणारी किंवा चघळायची गोळी.

पाकिटावर जिवाणूचं पूर्ण नाव आणि जातीचा क्रमांक हवा. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस मिश्रण' लिहिलेलं असेल तर परत द्या. एका गोळीत किती जिवंत जिवाणू आहेत ते सीएफयूमध्ये लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी हवेत. ही संख्या 'बनवताना' होती की 'मुदत संपेपर्यंत' राहील, हेही बघा. दुसरं लिहिलेलं असेल तर चांगलं. मग मुदत, एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक, साखर आहे की नाही, आणि कोणत्या तापमानाला ठेवायचं.

या शेवटच्या ओळीकडे विदर्भात जास्त लक्ष हवं. पाकिटावर '२५ अंशांखाली ठेवा' असं असतं, आणि मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पुढे जातो. टिनाच्या दुकानात, कुरियरच्या गाडीत किंवा एसटीच्या टपावर दोन दिवस राहिलेल्या पाकिटातले किती जिवाणू जिवंत असतील? गोळी दिसायला तशीच असते, चवही बदलत नाही, त्यामुळे कळायला मार्ग नाही. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत ऑनलाइन मागवू नका. फ्रिज असलेल्या दुकानातून सकाळी घ्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणा. पाकीट आधी प्लास्टिकच्या डबीत घट्ट बंद करा, कारण ओलावाही त्याला मारतो. घरी फ्रिज नसेल आणि शेजारीही नसेल, तर हे सगळं पावसाळा उलटून गेल्यावर सुरू करा. तोवर सफाई आणि घासण्याचं काम पुढे नेता येतं, त्याला तापमानाची अट नाही.

घ्यायची रीत

सफाई पूर्ण झाल्यावर सुरू करा. अभ्यासांत साधारण दिवसातून दोन वेळा, सकाळी आणि रात्री, घासून झाल्यावर गोळी दिली गेली. ती चावून लगेच गिळू नका. जिभेने हिरड्यांवरून फिरवत हळूहळू विरघळू द्या. नंतर निदान अर्धा तास पाणी, चहा, काहीच नको. रात्रीची गोळी झोपण्याआधी शेवटची असावी, कारण झोपेत लाळ कमी असते आणि जिवाणू जास्त वेळ टिकतात.

सफाईनंतर दंतवैद्य क्लोरहेक्सिडिनची गुळणी देतात. ती चांगले-वाईट सगळेच जंतू मारते. तिचा कोर्स संपवा, मग गोळी सुरू करा. दोन्ही एकाच आठवड्यात घेणं म्हणजे एका हाताने पेरून दुसऱ्याने काढणं. अँटिबायोटिक चालू असेल तरीही तेच, ती संपल्यावर.

पहिले काही दिवस पोटात वायू होऊ शकतो, तो आपोआप जातो. अंगावर पुरळ आलं, ओठ सुजले तर लगेच बंद करून दवाखाना गाठा. एक-दोन वेळा विसरलात तर पुढची गोळी दुप्पट करू नका.

यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये

कॅन्सरची औषधं चालू असलेले, अवयव बदललेले, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे, हृदयाची झडप बदललेले, शिरेत कायमची नळी असलेले, स्वादुपिंडाला तीव्र सूज असलेले. अशा शरीरात जिवंत जिवाणू रक्तात शिरण्याचा धोका असतो. दुधाची अॅलर्जी असेल तर घटक वाचा. गरोदर बाईच्या हिरड्या संप्रेरकांमुळे सुजतात, तिने दंतवैद्याकडे जावं आणि गोळीबद्दल तपासणीच्या डॉक्टरांना विचारावं. गरोदरपणात दातांची सफाई करून घेता येते, "पोटुशीने दात दाखवू नये" हे मनातून काढून टाका. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर कोणतंही प्रोबायोटिक घरच्या मनाने कधीही देऊ नका.

चेहऱ्यावर सूज, ताप, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास असेल, तर हा प्रोबायोटिकचा विषयच नाही. त्याच दिवशी रुग्णालयात जा.

तीन महिन्यांनी

सफाईनंतर साधारण तीन महिन्यांनी परत दाखवा आणि आधीचा कागद सोबत न्या. डॉक्टरांना म्हणा, "त्याच जागा पुन्हा मोजा." रक्त येणाऱ्या जागा कमी झाल्या, ५ ची खोबण ४ किंवा ३ वर आली, तर उपचार लागू पडतोय. त्यात गोळीचा वाटा किती, हे एका माणसात सांगता येत नाही. पण आकडे हलले नाहीत तर गोळी बंद करा, तीच पुढे चालू ठेवण्यात अर्थ नाही. अशा वेळी हिरडीखाली किटण राहिलंय का, साखर वाढलीय का, खर्रा परत सुरू झालाय का, हे तपासावं लागतं. खोल खोबणी उरल्या असतील तर शस्त्रक्रियेचा सल्ला मिळू शकतो.

आकडे सुधारले तरी गोळी जन्मभर घ्यायची नाही. हे जिवाणू तोंडात घर करून राहत नाहीत, बंद केल्यावर काही आठवड्यांत बहुतेक निघून जातात. टिकवायचं काम ब्रश करतो, आणि दर तीन ते सहा महिन्यांची देखभालीची सफाई. पुढची तारीख ठरवताना सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी टाळून घ्या. हंगामात ठरवलेली तारीख बुडते आणि मग वर्ष निघून जातं.